दापोडीच्या बागेतील वनस्पतिशास्त्रज्ञ : डॉ. अलेक्झांडर गिब्सन

पिंपरी-चिंचवड हे नाव उच्चारताच डोळ्यांसमोर उभी राहते ती कारखान्यांची, कामगार वसाहतींची आणि रुंद रस्त्यांची उद्योगनगरी. १९५४ मध्ये पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा औषधनिर्मितीचा सरकारी कारखाना स्थापन झाला आणि त्यानंतर या परिसराचे रूप पालटत गेले. पुढे चाकणच्या माळावरही मोटारींचे कारखाने उभे राहिले. मात्र पिंपरीत औषधांचा कारखाना येण्यापूर्वी शंभराहून अधिक वर्षे आधी, याच परिसरातील दापोडी येथे औषधी वनस्पतींची लागवड करणारी आणि पश्चिम भारतातील वृक्षवेलींचा अभ्यास करणारी एक सरकारी बाग नांदत होती, हे आज फार थोड्यांना ठाऊक आहे. त्या बागेचे सर्वांत कर्तबगार अधीक्षक म्हणजे डॉ. अलेक्झांडर गिब्सन. मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक आणि या इलाख्याच्या पहिल्या वनस्पतिकोशाचे सहलेखक म्हणून वनस्पतिशास्त्राच्या इतिहासात त्यांचे नाव कायमचे नोंदले गेले आहे.

गिब्सन यांचा जन्म २४ ऑक्टोबर १८०० रोजी स्कॉटलंडमधील किंकार्डिनशायर या परगण्यात झाला. एडिनबरा येथे त्यांनी वैद्यकाचे शिक्षण घेतले. त्या काळी औषधे मुख्यत्वे मुळे, साली, पाने आणि बिया यांपासूनच सिद्ध होत असल्याने वैद्यकाच्या विद्यार्थ्याला वनस्पतिशास्त्र शिकावेच लागे. झाड ओळखण्यात चूक झाली तर रोग्याच्या प्राणांवर बेतण्याचा धोका असे. त्यामुळे ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेत आलेल्या अनेक शल्यचिकित्सकांच्या हातून भारतीय वनस्पतींचा मोलाचा अभ्यास झाला. १८२५ मध्ये गिब्सनही साहाय्यक शल्यचिकित्सक म्हणून कंपनीच्या मुंबईकडील सेवेत रुजू झाले. दख्खन आणि खानदेशात देवी टोचण्याच्या मोहिमेवर त्यांची नेमणूक झाली. या कामासाठी गावोगाव हिंडावे लागे. त्या भटकंतीत येथील डोंगर, शेते, रानवाटा आणि लोकांचे जीवन यांचा त्यांना जवळून परिचय घडला.

दापोडीच्या बागेची कथा त्यांच्याही आधी सुरू होते. पेशवाईच्या अखेरच्या काळात कॅप्टन फोर्ड या इंग्रज अधिकाऱ्याच्या हाताखालील फौजेचा तळ दापोडीस होता. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी झालेल्या खडकीच्या लढाईत हीच फौज दापोडीहून येऊन इंग्रजांना मिळाली. पेशवाई बुडाल्यानंतर मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी फोर्डचा बंगला गव्हर्नरच्या निवासासाठी घेतला आणि १८२८ मध्ये त्याच्या आवारात वनस्पतिउद्यानाची स्थापना केली. जवळच मुळा आणि पवना या नद्यांचा संगम असल्याने पाण्याची ददात नव्हती. विल्यमसन आणि डॉ. चार्ल्स लश यांच्यानंतर १८३८ मध्ये बागेची सूत्रे डॉ. गिब्सन यांच्या हाती आली.

ही बाग केवळ गव्हर्नरांच्या विरंगुळ्यासाठी नव्हती. परदेशी पिके व फळझाडे येथे लावून पाहायची, येथील हवामानात ती तगतात किंवा नाही हे तपासायचे, चांगली ठरतील त्यांची रोपे आणि बी-बियाणे वाटायचे, आणि सरकारी दवाखान्यांना लागणाऱ्या औषधी वनस्पती जमेल तितक्या येथेच पिकवायच्या, असा तिचा व्याप होता. विलायतेहून येणारी औषधे महाग पडत, आणि लांबच्या समुद्रप्रवासात त्यांचा गुणही उणावे. या अडचणीवर उपाय म्हणून गिब्सन यांनी दापोडीबरोबरच जुन्नरजवळ हिवरे येथेही औषधी वनस्पतींची लागवड केली. दापोडी ते जुन्नर हा चाकण, खेड, नारायणगाव असा टापू त्यांच्या नित्य संचाराचा झाला. ज्या वाटेवरून आज मालमोटारींची अखंड रांग चालते, तीच वाट एकेकाळी या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या पायाखालची होती.

दापोडीच्या कार्यातील एक अमोल भाग म्हणजे तेथे काढली गेलेली वनस्पतींची चित्रे. १८४७ ते १८५० या काळात गिब्सन यांनी एका पोर्तुगीज-भारतीय चित्रकाराकडून बागेतील आणि आसपासच्या रानांतील वनस्पतींची दीडशेहून अधिक रंगीत चित्रे करून घेतली. पानांची मांडणी, पाकळ्यांची संख्या, फुलांचे छेद आणि फळांची घडण या साऱ्या बाबी त्या चित्रांत बारकाईने टिपल्या आहेत. दुर्दैवाने त्या कुशल चित्रकाराचे नाव इतिहासाने जपले नाही. चित्रे मात्र सुखरूप राहिली. एडिनबरा येथील रॉयल बोटॅनिक गार्डनच्या संग्रहात ती असून, तेथील संशोधक हेन्री नॉल्टी यांनी २००२ मध्ये त्यांवर एक साक्षेपी ग्रंथ प्रसिद्ध केला. त्या ग्रंथामुळे दापोडीचे नाव जगभरच्या वनस्पतिप्रेमींपर्यंत पोहोचले.

१८४७ मध्ये गिब्सन यांच्यावर मुंबई इलाख्याच्या वनसंरक्षकपदाची जबाबदारी आली. असे पद इलाख्यात प्रथमच निर्माण झाले होते. जहाजबांधणीसाठी सागवानाची बेसुमार तोड झाली होती, आणि पुढे रेल्वेच्या कामांमुळे लाकडाची मागणी आणखी वाढली. सरकारला चिंता होती ती प्रामुख्याने लाकडाची. गिब्सन यांनी आपल्या अहवालांत आणखी एका संकटाकडे लक्ष वेधले. कोकणात आणि घाटमाथ्यालगत जेथे जंगल साफ झाले तेथे झरे आटले, हे त्यांनी प्रत्यक्ष पाहून नोंदविले. वन आणि पाणी यांचा हा संबंध त्या काळातील फार थोड्या अधिकाऱ्यांना उमगला होता. अर्थात वनसंरक्षणाच्या त्या नियमांनी डोंगरउतारावर फिरती शेती करणाऱ्यांच्या आणि रानावर गुजराण करणाऱ्यांच्या वाटा अडविल्या, हेही तितकेच खरे आहे. परकीय सत्तेचा अधिकारी म्हणून त्यांच्या कार्याला असलेली ही मर्यादा दृष्टिआड करता येत नाही. १८६० मध्ये ते निवृत्त झाले आणि मायदेशी परतले.

निवृत्तीनंतर वर्षभरातच, १८६१ मध्ये, मुंबईत एक ग्रंथ छापला गेला. ‘बॉम्बे फ्लोरा’ या नावाच्या त्या ग्रंथावर दोन लेखकांची नावे होती. एक निकोल अलेक्झांडर डॅल्झेल आणि दुसरे अलेक्झांडर गिब्सन. डॅल्झेल हेही स्कॉटलंडचेच होते. जकात खात्यात नोकरीस लागलेल्या या गृहस्थांनी वनस्पतिशास्त्रात असा अधिकार मिळविला की गिब्सन यांच्यानंतर वनसंरक्षकपदही त्यांच्याकडेच आले. ग्रंथलेखनाचा मोठा भार डॅल्झेल यांनी उचलला, तर त्यामागे गिब्सन यांचा जवळपास तीन तपांचा अनुभव आणि संग्रह उभा होता. याआधी १८३९ मध्ये जॉन ग्रॅहॅम यांची मुंबई व परिसरातील वनस्पतींची यादी प्रसिद्ध झाली होती. परंतु रानात उभ्या असलेल्या झाडाशी ताडून पाहता येईल अशी वर्णने या इलाख्यातील वनस्पतींना मिळाली ती ‘बॉम्बे फ्लोरा’त. वनस्पती कोठे आढळते आणि स्थानिक लोक तिला कोणत्या नावाने ओळखतात, याचीही दखल त्या ग्रंथाने घेतली.

या ग्रंथाची रचना ‘कुल’ या कल्पनेवर आधारलेली होती. माणसांच्या कुटुंबात जसे चेहऱ्याचे साम्य उतरते, तसे वनस्पतींतही उतरते, हे पुरातन काळापासून सर्वांच्या पाहण्यात होते. स्वीडनचे लिनियस यांनी अठराव्या शतकात फुलातील केसरांची संख्या मोजून वनस्पतींचे वर्ग पाडले. ही पद्धत सोपी होती, पण कृत्रिम होती. १७८९ मध्ये फ्रान्सचे जुस्यू यांनी एकाऐवजी अनेक लक्षणे एकत्र विचारात घेऊन नैसर्गिक कुले मांडली. पाने समोरासमोर आहेत की एकाआड एक, पाकळ्या सुट्या आहेत की जुळलेल्या, बीजांडे कोठे चिकटली आहेत, फळ कसे उकलते, अशा लक्षणांचा त्यात समावेश होता. गिब्सन आणि डॅल्झेल यांनी याच नैसर्गिक पद्धतीने इलाख्यातील वनस्पती मांडल्या. त्यांच्याजवळ साधने म्हणजे भिंग, सुई, टीपकागद आणि अथक निरीक्षण एवढीच होती. रूप पाहायचे आणि रूपावरून नाते ओळखायचे, हाच तेव्हाचा एकमेव पुरावा होता.

रूपाचा पुरावा बहुतेक वेळा खरा ठरतो. पण तो कधी कधी फसवतोही. सारख्या परिस्थितीत राहणाऱ्या दोन परक्या वनस्पती एकसारख्या दिसू लागतात, तर सख्ख्या वनस्पती निरनिराळ्या परिस्थितीत वाढून एकमेकींना अनोळखी होतात. गिब्सन यांच्या निधनानंतर सव्वाशे वर्षांनी या अडचणीवर नवा मार्ग सापडला. पानांना हिरवा रंग देणाऱ्या सूक्ष्म हरितलवकांमध्ये स्वतःचा डीएनए असतो. त्यातील एकच जनुक अनेक वनस्पतींतून वेगळे काढून अक्षरशः तुलना केली, तर कोण कोणाचे जवळचे हे समजते. एकाच पोथीच्या अनेक नकला निघाव्यात आणि एखाद्या नकलेतील लेखनदोष तिच्यावरून उतरलेल्या पुढच्या सर्व प्रतींत यावा, तसाच हा प्रकार आहे. समान बदल ज्यांच्यात आढळतात त्यांचा मूळ पूर्वज एक, असा त्यातून बोध होतो. १९९३ मध्ये मार्क चेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ४९९ जातींच्या अशा तुलनेवरून बीजधारी वनस्पतींचा वंशवृक्ष मांडला. १९९८ मध्ये जगातील वनस्पतिशास्त्रज्ञांच्या एका गटाने सपुष्प वनस्पतींची ४६२ कुले नव्याने लावली. पुढे २००३, २००९ आणि २०१६ मध्ये त्यांत सुधारणा होऊन आज ही संख्या ४१६ आहे.

या नव्या मांडणीने गिब्सन यांच्या परिचयातील अनेक झाडांचे कुल बदलले. ज्या सागवानासाठी त्यांनी आपल्या सेवेची तेरा वर्षे वेचली, तो साग तेव्हा व्हर्बेना कुलात म्हणजे घाणेरीच्या गोतावळ्यात गणला जाई. आता साग, निर्गुडी आणि भारंगी ही सारी तुळशीच्या कुलात आली आहेत. कोठे गगनाला भिडणारा साग आणि कोठे अंगणातील तुळस! परंतु फुलोऱ्याची ठेवण नीट पाहिली असता रूपातही याची खूण सापडते. घाणेरीच्या कुलात फुलोऱ्याचा दांडा टोकाकडे वाढतच राहतो. साग आणि तुळस यांच्या फुलोऱ्यात मात्र मधले फूल आधी उमलून त्या फांदीची वाढ थांबते व बाजूंनी पुढची फुले येतात. जनुकांचा निर्णय आणि फुलोऱ्याची साक्ष एकमेकांशी जुळली, तेव्हाच हा बदल पक्का झाला.

कण्हेर आणि रुई यांची कथाही अशीच आहे. दोघांच्याही अंगी चीक. १८१० मध्ये रॉबर्ट ब्राऊन यांनी रुईचे वेगळे कुल केले, कारण रुईच्या फुलात पराग सुटा नसतो, त्याच्या मेणासारख्या पुंजांची जोडी बनलेली असते. कण्हेरीत तसे नाही. हे निरीक्षण अचूक होते, आणि ते पुढे दीडशेहून अधिक वर्षे सर्वमान्य राहिले. मात्र आपल्या वैद्यांची आवडती उपळसरी या दोघांच्या मधोमध उभी असल्याचे दिसे. तिचा पराग पूर्णपणे पुंजरूप नाही, तसाच अगदी सुटाही नाही. जनुकांच्या तुलनेतून कळले की कण्हेरीच्या कुलातील काही वनस्पती आपल्याच कुलातील इतरांपेक्षा रुईला अधिक जवळच्या आहेत. मग रुईला वेगळे ठेवणे म्हणजे एका घरातील एकच भाऊ वेगळा काढून त्याला परका म्हणणे झाले. १९९८ पासून रुई पुन्हा कण्हेरीच्या कुलात नांदते आहे.

कमळ आणि कुमुद यांच्याबाबत याच्या उलट घडले. दोन्ही पाण्यात वाढतात, दोन्हींची फुले देखणी, म्हणून दोघांना पुष्कळ काळ एकाच कुलात धरले गेले. परंतु कमळाच्या परागकणाला तीन चिरा असतात, तर कुमुदाच्या परागकणाची घडण वेगळी असते. जनुकांनी सिद्ध केले की कमळाचे जवळचे नातलग पाण्यातील नसून चिनारासारखे जमिनीवरील वृक्ष आहेत. चाकणच्या बाजारपेठेची ओळख असलेल्या कांद्याचेही असेच झाले. आहारात तो घ्यावा की वर्ज्य मानावा हा ज्याच्या त्याच्या आचाराचा विषय. पण जुन्या मांडणीत लिलीच्या कुलात असलेला कांदा आता नर्गिसाच्या कुलात गणला जातो.

गिब्सन यांच्या वावराशी विशेष जोडलेली वनस्पती म्हणजे शिवसुमन. जुन्नरच्या डोंगरकड्यांवर खडकाच्या फटीत वाढणारी, मांसल खोडाची, तांबूस फुलावर पिवळे ठिपके असलेली ही वनस्पती डॅल्झेल यांनी १८६५ च्या सुमारास शास्त्रजगताला परिचित करून दिली आणि गव्हर्नर सर बार्टल फ्रेअर यांच्या नावावरून तिला फ्रेरिया इंडिका असे नाव ठेवले. माकडशिंगीसारख्या तिच्या भाऊबंदांना नांदती पाने नसतात. शिवसुमनाला पावसाळ्यात चांगली पाने फुटतात. म्हणून तिची प्रजातीच वेगळी मानली गेली आणि तिच्यात ही एकच जाती ठेवली गेली. १९५८ मध्ये फुलांच्या साम्यावरून तिला माकडशिंगीच्या प्रजातीत घालण्याचा प्रस्ताव आला. पुढे जनुकीय अभ्यासाने ती बुसेरोसिया या भारतीय गटाशी निगडित असल्याचे दाखविले. पाने असणे हे वेगळ्या वंशाचे लक्षण ठरले नाही, तर एकाच घराण्यातील एका शाखेचे वैशिष्ट्य ठरले. असे असले तरी फ्रेरिया हे नाव महाराष्ट्रात आजही प्रेमाने घेतले जाते.

या सर्व फेरबदलांवरून गिब्सन व डॅल्झेल यांचे कार्य कालबाह्य झाले, असा निष्कर्ष काढणे मात्र अन्यायाचे होईल. नाव बदलले, कुल बदलले, तरी झाड तेच आहे. कोणते झाड, कोठे, कोणत्या रूपात पाहिले, ही नोंद चोख असल्यामुळेच नंतरच्या अभ्यासकांना तिची फेरतपासणी करता आली. हूकर यांच्या सात खंडांतील ‘फ्लोरा ऑफ ब्रिटिश इंडिया’ने आणि पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयाचे प्राचार्य राहिलेल्या थिओडोर कुक यांच्या १९०१ ते १९०८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इलाख्याच्या वनस्पतिकोशाने याच पायावर पुढची इमारत उभारली. हूकर यांनी एका रानऑर्किडला गिब्सन यांचे नाव देऊन त्यांचे ऋणही मानले. जुन्या वाळविलेल्या नमुन्यांतून आज डीएनएही काढता येतो. ज्यांनी ते नमुने दाबून कागदावर चिकटविले, त्यांना जनुक हा शब्दही ठाऊक नव्हता.

डॉ. गिब्सन यांचे १६ जानेवारी १८६७ रोजी स्कॉटलंडमध्ये निधन झाले. त्याच सुमारास दापोडीची बागही संपली. गव्हर्नरांचे निवासस्थान गणेशखिंडीत हलले आणि १८७३ मध्ये नवे वनस्पतिउद्यान तेथे उभे राहिले. दापोडीत पुढे वस्ती वाढली, एस.टी.ची मध्यवर्ती कार्यशाळा आली, रेल्वे व महामार्गांची गर्दी झाली. बागेची झाडे काळाच्या उदरात गेली. त्यांची चित्रे, वर्णने आणि नमुने राहिले.

जुन्नरच्या कड्यांवरील शिवसुमनाचे मात्र तसे नाही. ते अद्याप जिवंत आहे, आणि दुर्मीळ आहे. उद्या त्याचे शास्त्रीय नाव आणखी एकदा बदलले तरी चालेल, परंतु कड्यावरून ते नाहीसे झाले, तर कोणताही ग्रंथ वा कोणतीही प्रयोगशाळा ते परत आणू शकणार नाही. उद्योगनगरीच्या वाढत्या पसाऱ्यात आसपासचे डोंगर, देवराया आणि नदीकाठ यांची निगा राखणे, आणि पुढील पिढीला आपल्या परिसरातील निदान दहा-वीस झाडे नावानिशी ओळखता येतील असे पाहणे, हे आजच्या नागरिकांच्या हाती आहे. दापोडीच्या मातीत राहून येथील वृक्षवेलींची इतक्या निष्ठेने नोंद ठेवणाऱ्या डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांना, आणि त्या अनाम चित्रकारालाही, हीच खरी आदरांजली ठरेल.